दोनदा बदलूनही सॉकेट का जळतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात एकात एक तीन प्रश्न आहेत. आधी मला समजलं ते सांगतो, चुकत असेन तर दुरुस्त करा. डोंबिवलीत १९८८ सालचा फ्लॅट. ओट्यावर पंधरा अँपिअरचा एकच पॉइंट आणि त्यावर इंडक्शन. सॉकेट काळं पडलं म्हणून वर्षभरात दोनदा बदललं, आता तिसरंही पिवळं पडायला लागलंय. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) मात्र एकदाही पडलेला नाही. पुढच्या महिन्यात मॉड्युलर किचनचं काम निघतंय, त्यात फ्रिज समोरच्या भिंतीला जाणार आणि तिथे पॉइंटच नाही. मायक्रोवेव्ह आणि वॉटर प्युरिफायरलाही जागा हवी. एक वायरमन म्हणतो, "सॉकेट भारीतलं टाकू, फ्रिजला दिव्याच्या बोर्डातून लूप देतो, म्हणजे तिथूनच वायर पुढे ओढतो, दोन तासांचं काम आहे." दुसरा म्हणतो, सगळ्या घराचं वायरिंग नवीन करा. ऐकायचं कोणाचं?

मी सव्वीस वर्षं ठाणे जिल्ह्यात हेच काम करतोय. माझ्या मते पहिल्याचं ऐकू नका आणि दुसऱ्याचं लगेच ऐकू नका. सॉकेट कुठे हलवायचं हा सोपा भाग आहे. त्या सॉकेटपर्यंत येणारी वायर काय ताकदीची आहे आणि आता कुठल्या अवस्थेत आहे, हे आधी बघायला हवं. ते बघितल्याशिवाय तुम्हाला खात्रीने "एवढंच करा" सांगणारा माणूस अंदाज करतोय. मीही इथून अंदाजच करतोय, फक्त तो कशावरून करतोय ते सांगतो.

आधी ते काळं पडणं. सॉकेटचा प्लग जिथे बसतो तिथे आत पितळेची स्प्रिंगसारखी पकड असते आणि मागे वायर आवळायचा स्क्रू असतो. या दोन जागांपैकी एक सैल झाली की तिथे रोध, म्हणजे विजेला अडथळा, तयार होतो. २००० वॅटचं इंडक्शन पूर्ण जोरात चालू असताना २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतं. सैल जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धरा, तरी तिथे सात-आठ वॅट उष्णता सुटते. एवढ्या वॅटात एक एलईडी दिवा खोली उजळतो, आणि इथे ती सगळी उष्णता मोहरीएवढ्या जागेत, प्लॅस्टिकने वेढलेली, बाहेर जायला वाट नाही. तापलं की पितळेची स्प्रिंग नरम पडते. स्प्रिंग नरम पडली की पकड आणखी ढिली होते आणि उष्णता आणखी वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही.

यात एमसीबीला काहीच कळत नाही. तुम्ही लिहिलंय, "एमसीबी पडला नाही म्हणजे लोड ठीकच असणार ना?" लोड ठीकच आहे. इंडक्शन पावणेनऊ अँपिअरच ओढतंय, सैल जोडामुळे तो आकडा वाढत नाही, झालाच तर किंचित कमी होतो. एमसीबी फक्त करंट मोजतो, जोड किती तापलाय ते त्याला दिसत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी तर जवळजवळ १८ अँपिअरपर्यंत कितीही वेळ निवांत बसून राहतो, आणि २३ च्या वर गेलं तरी पडायला तासाभरापर्यंत वेळ घेऊ शकतो. तो त्याचा दोष नाही, तसाच बनवलेला असतो. तो वायरच्या रक्षणासाठी आहे. तुमच्या सॉकेटचं रक्षण नीट आवळलेला स्क्रूच करतो.

आता तुमचं सॉकेट दोनदा बदलूनही परत का जळलं? मला तीन कारणांपैकी एक किंवा तिन्ही दिसतात, आणि तिन्ही मी शेकडो वेळा पाहिलीत.

पहिलं, प्लग टॉप. सॉकेट बदललं, पण इंडक्शनचा प्लग तोच राहिला. त्याच्या पिना बघा, एक पीन काळपट, खरखरीत झालेली असेल. ती खरखरीत पीन नव्या सॉकेटच्या नव्या स्प्रिंगलाही पहिल्या दिवसापासून नीट टेकत नाही. सॉकेट जळलं की प्लग टॉपही बदलायचाच. इंडक्शनचा प्लग वायरसोबत ओतीव असेल तर तो कापून चांगला १६ अँपिअरचा प्लग टॉप लावून घ्या. वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुसरं, वायरचं टोक. जळलेल्या सॉकेटमध्ये गेलेल्या वायरचं शेवटचं इंच-दीड इंच तापून तापून काळं होतं, त्यावर ऑक्साइड चढतं, आणि वरचं पीव्हीसी कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं. ते टोक कापून मागे चकाकणारं तांबं दिसेपर्यंत जायचं असतं. पण जुन्या बोर्डात वायर मुळातच आखूड सोडलेली असते. कापली तर स्क्रूपर्यंत पोचत नाही, म्हणून घाईत असलेला वायरमन तेच काळं टोक चिमट्याने खरवडून परत आवळतो. नवं सॉकेट, जुना रोग.

तिसरं, आणि १९८८च्या इमारतीत हे सगळ्यात जास्त शक्य आहे: वायर ॲल्युमिनियमची असणं. तेव्हा तांबं महाग पडायचं, आणि बिल्डर मंडळींनी कितीतरी इमारतींत ॲल्युमिनियमच्या वायरी ओढल्या. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तो थर वीज नीट जाऊ देत नाही. शिवाय हा धातू दाबाखाली हळूहळू सरकतो. आज घट्ट आवळलेला स्क्रू दोन-तीन वर्षांत आपोआप ढिला. तापला की पितळेपेक्षा जास्त फुगतो, गार झाला की आकसतो, आणि प्रत्येक वेळी पकड थोडी सुटते. त्याच जाडीच्या तांब्याच्या मानाने त्याची वाहकता साधारण साठ टक्केच असते. दिवा-पंख्याला चाळीस वर्षं काही होत नाही. इंडक्शनला मात्र तो पुरत नाही.

ओळखायचं कसं? मेन बंद करून बोर्ड उघडला की वायरचं टोक चाकूने हलकंसं खरवडा. पांढरं दिसतंय म्हणून लगेच ॲल्युमिनियम म्हणू नका, फार जुन्या तांब्याच्या वायरींना कथिलाचा मुलामा असायचा. खरवडल्यावर आत लालसर दिसलं तर तांबं. आतूनही पांढरंच राहिलं, वायर वजनाला हलकी आणि दोनदा वाकवल्यावर तुटली, तर ॲल्युमिनियम.

जळण्याचा एक किस्सा सांगतो. कल्याणच्या एका कुटुंबाने मला फ्रिज गार होत नाही म्हणून बोलावलं. घर कडक शाकाहारी. काकू पहिलं वाक्य हे बोलल्या की शेजारी रोज सुकी मासळी भाजतात, वास सहन होत नाही, सोसायटीत तक्रारही केली आहे. मी फ्रिज पुढे ओढला तर वास दुप्पट. सॉकेटची पाटी उघडली, न्यूट्रलचा (वीज परत जाते त्या वायरचा) स्क्रू इतका ढिला की वायर बोटाने हलत होती, आणि मागचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वाटीसारखं आत गेलेलं. स्विच-सॉकेटच्या प्लॅस्टिकच्या काही जाती जळताना हुबेहूब सुकटीसारखा वास येतो. शेजाऱ्यांशी भांडण तीन महिन्यांपासून चालू होतं. तेव्हा घरात असा वास आला आणि मासळी कोणी भाजत नसेल, तर आधी बोर्डांना हात लावून बघा, गरम लागतोय का.

तुमच्या सॉकेटचं कुठलं भोक काळं झालंय तेही बघा. अर्थचं मोठं भोक वर धरून समोरून पाहिलं तर उजवीकडचं फेजचं, म्हणजे वीज येते त्या वायरचं, आणि डावीकडचं न्यूट्रलचं. ज्या बाजूला काळं, त्या बाजूचा स्क्रू किंवा ती पीन गुन्हेगार. दोन्ही काळी असतील तर सॉकेटच सैल आहे, किंवा कोणीतरी त्यात वर्षानुवर्षं सहा अँपिअरचा बारीक पिनांचा प्लग घालत आलंय. दोन्ही आकाराचे प्लग घेणारं सॉकेट सोयीचं असतं खरं, पण दोन्ही जाडीच्या पिनांना सारखीच घट्ट पकड देणारं सॉकेट मी फार थोडं पाहिलंय. इंडक्शनसाठी फक्त सोळाचं, आयएसआय मार्क असलेलं सॉकेट घ्या. (दुकानात अजून "पंधराचा पॉइंट" म्हणतात, जुनं नाव आहे. आताचं माप ६ आणि १६ अँपिअर.) आणि तो कन्व्हर्टर प्लग, ज्याने सोळाचा प्लग सहाच्या सॉकेटमध्ये बसतो, तो घरात असेल तर आजच कचऱ्यात टाका. सहा अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. तुमची साधी किटलीसुद्धा दीड हजारची असेल.

आता फ्रिजचा प्रश्न. पहिल्या वायरमनच्या लूपला माझा विरोध लोडमुळे नाही. घरगुती फ्रिज चालू असताना दीड-दोनशे वॅट घेतो, सुरू होताना क्षणभर जास्त. दिव्याच्या वायरीला तेवढं झेपतं. अडचण अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वायरची, आहे. त्या काळच्या फ्लॅटमध्ये दिव्या-पंख्याच्या बोर्डापर्यंत अर्थची वायर बऱ्याचदा नेलेलीच नसते, कारण तिथे दोन पिनांचे दिवे आणि लाकडी बोर्ड. आणि फ्रिजचं अंग पत्र्याचं असतं. ओल्या हाताने, अनवाणी पायाने दिवसातून वीस वेळा आपण त्याला हात लावतो.

मग काही महाभाग काय करतात? सॉकेटच्या मागे अर्थ आणि न्यूट्रल दोन इंचाच्या वायरच्या तुकड्याने जोडून टाकतात. फेज आणि अर्थमध्ये दिवा पेटवून दाखवतात, "बघा, अर्थ आला." एका जुन्या चाळीत फ्रिजच्या हँडलला झिणझिण्या येतात म्हणून गेलो होतो. गेलो तोवर झिणझिण्यांचं शॉकमध्ये रूपांतर झालेलं, घरातल्या आजींना जोरात बसला होता. कारण हेच. न्यूट्रल पुढे मेन स्विचजवळ ढिला होऊन सुटला होता. न्यूट्रल सुटला की घरातल्या चालू दिव्यांमधून आलेली फेज त्या दोन इंचाच्या तुकड्यावाटे थेट फ्रिजच्या पत्र्यावर. दिवे बंद, पण फ्रिजच्या पत्र्यात वीज. कोणी तुमच्यासमोर असा तुकडा जोडताना दिसला तर हातातलं काम थांबवा आणि त्याला चहा पाजून घरी पाठवा.

म्हणून तुमच्या स्वयंपाकघरासाठी मी करीन ते असं. सगळ्या घराचं वायरिंग आत्ताच नाही, पण डीबीपासून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीपासून, स्वयंपाकघरापर्यंत नवीन वायर ओढायची. इंडक्शनला स्वतंत्र सर्किट, मायक्रोवेव्हला आणि ओट्यावरच्या बाकीच्या वापराला दुसरं, फ्रिज आणि प्युरिफायरला तिसरं. फ्रिज वेगळा ठेवतो कारण मिक्सरसारख्या दुसऱ्या कशाने तरी एमसीबी पाडला आणि ते लक्षात न येता तुम्ही गावाला गेलात तर परत आल्यावर सगळं नासलेलं. वायर तांब्याची, पॉवर पॉइंटला २.५ चौरस मिलिमीटर, त्यावर १६ अँपिअरचा एमसीबी. पुढे कधी ओव्हन किंवा तीन हजार वॅटचं काही यायची शक्यता असेल तर त्या एका पॉइंटला ४ चौरस मिलिमीटर. दिव्यांना १.५ पुरतं, त्यावर दहाचा एमसीबी. अर्थची वायर हिरवी, प्रत्येक पॉइंटला, वेगळी ओढून आणलेली.

तुमच्या डीबीत सध्या स्वयंपाकघराच्या एमसीबीवर काय आकडा छापलाय तो बघून सांगा. मला शंका आहे की तो ३२ असेल. पूर्वी कधी तो पडत होता म्हणून कोणीतरी मोठा घातला आणि तक्रार मिटली. वायर मात्र तीच राहिली. आता ती वायर तापून वितळली तरी एमसीबी बघत बसेल.

भिंतीतले जुने पाइप किती साथ देतील यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि ते इथून सांगता येत नाही. कधी जुन्या वायरीला नवी बांधून पावडर लावून ओढली की सरसर येते. कधी पाइप कुठे तरी सिमेंटने बुजलेला असतो, किंवा मूळचाच इतका बारीक की तीन नव्या वायरी जात नाहीत. तेव्हा दोन वाटा: भिंत खोदून नवा पाइप, नाहीतर भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची, म्हणजे वायर झाकणारी प्लॅस्टिकची, पट्टी. लोक पट्टीला नाक मुरडतात. मॉड्युलर किचनमध्ये मात्र वरच्या कपाटांच्या मागून आणि पॅनेलच्या आतून पट्टी गेली तर ती कोणाला दिसतही नाही, आणि दुरुस्तीला सोपी. माझं स्वतःचं स्वयंपाकघर निम्मं पट्टीवर आहे.

खोदायचंच ठरलं तर झिरी सरळ उभी किंवा सरळ आडवी मारायची, तिरपी कधीच नाही. जवळचा रस्ता म्हणून तिरपी मारली की पाच वर्षांनी कोणीतरी खिळा ठोकतो, आणि तिथे वायर असेल हे त्याच्या स्वप्नातही नसतं. साडेचार इंची भिंतीत आडवी लांब झिरी टाळा, भिंत कमजोर होते. बीम आणि कॉलमला छिन्नी लावायची नाही, कितीही अंतर वाचत असलं तरी. झिरी बुजवण्याआधी शेजारी मेजरिंग टेप धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे पाच मिनिटांचं काम मॉड्युलरवाला ड्रिल मारायला येईल तेव्हा उपयोगी पडतं.

जुन्या सॉकेटची जागा बदलताना सगळ्यात मोठा मोह असतो तो भिंतीत जोड देण्याचा. जुना बॉक्स तोडायचा, वायरीला वायर पिळून टेप मारायची, वरून गिलावा. हे पाप माझ्या हातूनही झालंय. सुरुवातीची वर्षं, एका घरात ओटा बदलला, वायर दोन फूट कमी पडली. नवीन ओढायचा कंटाळा केला आणि जोड पुरला, वर टाइल बसल्या. चार वर्षांनी फोन आला: अर्ध्या स्वयंपाकघरात लाइट नाही. मला माहीत होतं कुठे बघायचं, आणि मी तिथे पोचेपर्यंत विचार करत होतो की हे त्यांना कसं सांगू. सांगितलं. टाइल्सचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून जोड द्यायचाच असेल तर जुना बॉक्स तसाच ठेवून, आत चांगल्या कनेक्टरने जोडून वर कोरी पाटी लावतो, म्हणजे उद्या स्क्रू काढून बघता येतं. आणि तांबं-ॲल्युमिनियमचा पिळून केलेला जोड तर कुठेच नाही, बॉक्समध्येसुद्धा नाही.

सॉकेट कुठे ठेवायचं ते आता. ओट्याच्या वर साधारण एक फुटावर, म्हणजे प्लग सहज काढता येतो आणि ओटा पुसताना पाणी जात नाही. सिंकच्या वर नाही, गॅसच्या मागे नाही. फ्रिजचं सॉकेट फ्रिजच्या मागे लपलं तर स्विच बाजूला किंवा वर, हात पोचेल असा ठेवा, दरवेळी फ्रिज ओढायला लागू नये. कपाटात लपणाऱ्या प्रत्येक सॉकेटचा स्विच बाहेर. चिमणीचं सॉकेट चिमणीच्या वर, आणि हॉबचं इग्निशन विजेचं असेल तर त्याचं आजच विचारून घ्या, ते नेहमी शेवटच्या दिवशी आठवतं. अजून एक गोष्ट, जी मॉड्युलरवाले सांगत नाहीत: ओट्याखाली सिलिंडर ठेवणार असाल तर त्या कप्प्यात सॉकेट-स्विच नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खालीच साचतो, आणि स्विचच्या एका ठिणगीने काम होतं. पाइपचा गॅस असेल तर तो हलका, वर जातो, पण तरी ओट्याखालचं सॉकेट मला आवडत नाही. उंदीर आणि पाणी दोन्ही तिथेच येतात.

आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का घरात? नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. बसवल्यावर पहिले काही दिवस तो वारंवार पडेल कदाचित. बहुतेक वेळा तो खराब नसतो. जुन्या घरात कुठे तरी एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमधून उसना घेतलेला असतो, किंवा पावसाळ्यात ओलसर भिंतीतून गळती होत असते, आणि तो तेच दाखवतोय. "सारखा पडतो म्हणून काढून टाकला" असं कोणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं. त्यावरचं टेस्टचं बटण काही महिन्यांनी दाबून बघत जा.

तुम्ही विचारलंय, यातलं स्वतः किती करू? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत, २०१०च्या आणि आताच्या २०२३च्याही, हे स्पष्ट आहे: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असल्या वस्तू आहेत तशाच बदलणं घरच्याला करता येतं. नवीन पॉइंट काढणं, हलवणं, क्षमता बदलणं हे परवानाधारक ठेकेदाराकडून आणि परवानाधारक माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. मीटरच्या बाजूच्या वायरिंगला तर कोणीच हात लावायचा नाही, ते वीज कंपनीचं. वीजबिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो तोही बघा. जुन्या फ्लॅटचा तो बऱ्याचदा एक-दोन किलोवॅटच असतो, आणि तुमचं इंडक्शन एकटंच दोन किलोवॅटचं. तो वाढवून घ्यायचा अर्ज कामाआधी करा.

फक्त प्लग टॉप बदलणार असाल किंवा बोर्ड उघडून वायर बघणार असाल तर करा, पण असं: टेस्टर आधी दुसऱ्या चालू पॉइंटवर लावून पेटतो का बघा, मग मेन बंद करा, मग उघडलेल्या बोर्डातल्या प्रत्येक वायरला लावा. फक्त एकाला नाही, कारण एकाच बोर्डात दोन वेगळ्या सर्किटच्या फेज असू शकतात. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर हे वाक्य परत वाचा: मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरची फेज बोर्डात जिवंत असते. लोडशेडिंगच्या काळात ज्यांनी इन्व्हर्टर घेतले त्या घरांत मला स्वतःला दोनदा शॉक बसलाय. आधी इन्व्हर्टरचं आउटपुट बंद, मग बाकीचं.

स्क्रू आवळताना काही बारीक गोष्टी. पीव्हीसी साधारण आठ-दहा मिलिमीटर सोलायचं, तारा पिळायच्या, एकही तार कापायची नाही. बारीक वायर मोठ्या भोकात जात असेल तर टोक दुमडून दुहेरी करायचं. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, पीव्हीसीवर नाही. आणि आवळल्यावर वायर ओढून बघायची, चांगली जोरात. सुटली तर आत्ताच सुटू दे.

वायरमन निवडताना दर विचारायच्या आधी त्याला हे विचारा: माझ्या सॉकेटच्या मागची वायर कुठल्या धातूची आणि किती मापाची आहे? जो "बघून सांगतो" म्हणेल आणि खरंच बोर्ड उघडेल, त्याला काम द्या. वायरवर माप छापलेलं असतं, जुन्या वायरीवर ३/२० किंवा ७/२२ असं गेजमध्ये असेल. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा प्रत्येक तारेच्या जाडीचा गेज नंबर. तांब्याची ७/२२ निघाली आणि पीव्हीसी मऊ असेल, तर इंडक्शनचं सर्किट आहे तसं ठेवून फक्त टोक कापून, नवं सॉकेट आणि नवा प्लग टॉप लावून भागेल, आणि फक्त फ्रिज-मायक्रोवेव्हचं नवीन काढा. ॲल्युमिनियम निघालं तर स्वयंपाकघर पूर्ण नवीन, आणि गीझर-एसीच्या वायरीही त्याच वेळी उघडून बघा. तोवर इंडक्शन कमी वॅटवर चालवा, आणि वीस मिनिटांनी प्लग काढून पिनांना हात लावा. कोमट असतील तर चालेल. चटका बसला तर इंडक्शन बंद ठेवून गॅसवर करा, दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे.

बोर्ड उघडलात की वायरच्या टोकाचा आणि डीबीतल्या एमसीबींच्या आकड्यांचा फोटो टाका. त्यावरून सांगतो, तीन सर्किटं लागतील की दोनांत बसेल.